थोरल्या जावेचं दार

हिरा,

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. या दिवसांत मी किती रडले ते सांगत नाही, पण तीन-चार वेळा तुझा चांगलाच राग आला, ते मात्र सांगते. आपलं भांडण चालू होतं. मी दोन शब्द जास्त बोलले होते, तू एक शब्दही बोलली नव्हतीस, आणि तुझं उत्तर यायचं बाकी होतं. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जाण्यातली तू नव्हेस.

तुझ्या दिवसकार्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होती. कष्टाळू होती, देवाचं करायची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हे शेवटचं ऐकून जनार्दनभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि आम्हां दोघांनाही खाली मान घालून हसू दाबावं लागलं. कुणाच्या मध्यात नाही म्हणे! एक घर सोडलं, तर या गावात असं कुठलं घर होतं, की जिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या तू मध्ये पडली नव्हतीस?

सुरुवात माझ्यापासूनच केलीस. ह्यांना जाऊन चौथा महिना होता. मला शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. सकाळी उठल्याबरोबर मी टीव्ही लावायची, तो झोपेपर्यंत चालू असायचा. त्यावर काय चाललंय ते मला सांगता आलं नसतं. घरात कुणीतरी बोलत असावं, एवढ्यासाठी तो होता. एकदाच भात लावायचा आणि तोच दोन वेळा खायचा. मुलीचा फोन आला की मी मजेत आहे असं सांगायचं. शेजारपाजारच्यांना मी सांगत असे की मला वाचनाची आवड आहे, त्यामुळे वेळ कसा जातो कळत नाही. त्या चार महिन्यांत मी एकही पुस्तक उघडलं नव्हतं.

एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला फाटक वाजलं. डोक्यावर पांढऱ्या कांद्यांचा भारा घेऊन तू आत आलीस आणि विचारल्याशिवाय माझ्या ओटीवर तो ओतलास. माती, पात, वास, सगळं एकदम.

"बाई, आज बाया आल्या न्हायत," तू म्हणालीस. "पात जास्त सुकली तर माळ होनार न्हाय. बसा माझ्याबरोबर."

मला येत नाही, असं मी म्हटलं. मग शिका, म्हणालीस.

चाळीस वर्षं या गावात राहून मी कांद्याच्या माळा नुसत्या बघितल्या होत्या. अलिबागच्या रस्त्यानं जाताना दुकानांवर टांगलेल्या दिसतात, त्या. अर्धवट सुकलेली पात वेणीसारखी घालत जायची, प्रत्येक पेडात नवा कांदा गुंफायचा, एवढंच ते काम. माझी पहिली माळ उचलली आणि खालचे पाच-सहा कांदे निसटून अंगणात गेले. तू ती माळ माझ्यादेखत उसवलीस, काही न बोलता, आणि पात पुन्हा माझ्या हातात दिलीस. मी जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं हेच केलं होतं. तेव्हा मला राग आला. पण त्या रात्री टीव्ही लावायचं मी विसरले, हे दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी बाया आल्या होत्या. तू त्यांना दुसऱ्या शेतात पाठवलं होतंस. हे मला दोन वर्षांनी कळलं. मी जाब विचारला, तर तू पदरानं घाम पुसत म्हणालीस, "व्हय, खोटं बोलले. मग?"

मग काही नाही.

जनार्दनभाऊंनाही तू असंच गाठलंस. न्हावा शेव्याच्या बंदरावर आयुष्यभर ट्रेलर चालवलेला माणूस. बायको गेल्यावर गावी परत आला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. त्यांच्याकडे जाऊन तू सांगितलंस की बाईंच्या ओटीवर वाशाला माळा टांगायच्या आहेत, आमचे हात पोचत नाहीत, उंच माणूस हवा. दहा मिनिटांसाठी म्हणून ते आले. तिसऱ्या दिवशी टांगायला एकही माळ नव्हती, तरी आले. आठवड्यानं त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. एका वळणावर मागचा कंटेनर कसा कलंडायला आला होता, ते सांगायला लागले, आणि अंधार पडेपर्यंत बोलायचे थांबले नाहीत. तू मला कोपरानं ढोसलंस.

मग एकेक करत आपण बारा जण झालो. कांदे संपले की ही मंडळी पांगणार, असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, हात रिकामे राहिले तर येणार नाहीत, हाताला काहीतरी द्यायचं. पावसाळ्यात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. मी मोठ्यानं पेपर वाचायची आणि तुम्ही सगळे मला बातमी पुरी करू द्यायचा नाहीत. थंडीत शेताच्या कडेला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरून ते उपडं घातलं, वर गवत पेटवलं. मडकं कधी उतरवायचं यावरून तुझं आणि जनार्दनभाऊंचं जे जुंपलं, त्यात शेंगा करपल्या. त्या करपलेल्या शेंगा सगळ्यांनी खाल्ल्या. मुलीला मी फोनवर हे सांगत होते, तर मध्येच ती म्हणाली, आई, तू किती दिवसांनी हसलीस.

आपली भांडणंही काही कमी नव्हती. हजेरीवरून किती झालं! मी शाळेतली बाई, मला वाटायचं वही ठेवावी, कोण आलं कोण नाही ते लिहावं, म्हणजे शिस्त राहील. मी वही आणलीही होती. तू ती माझ्या हातातून घेऊन आत नेऊन ठेवलीस. म्हणालीस, "हजेरी घेतली की जो चुकला तो लाजेल. लाजला की घरी बसेल. आपल्याला मानसं गोला करायची का पास-नापास करायची?" ती वही कोरीच राहिली. तुला वाचायला शिकवायचं मी किती वेळा काढलं, तेही कोरंच राहिलं. मना वाचून काय करायचंय, तुमी हाव ना वाचायला, असं म्हणून तू विषय मिटवायचीस. आता हे सगळं मी तुला लिहितेय, आणि तू वर असलीस तरी तुला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, हे तुला शोभतंच.

तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तरी मी तुला हिरा म्हणायची, एकेरी, आणि तू मला बाई, तुमी. मला ते सलायचं. एकदा गोधडीला टाके घालताना मी तुला म्हटलं, मला नावानं हाक मार, सुमन म्हण. तू सुई खाली ठेवलीस, तोंड उघडलंस, सु म्हणालीस आणि इतकी हसायला लागलीस की ठसका लागला. "न्हाय जमत, बाई," म्हणालीस. त्यानंतर मी कधी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता, असं आता वाटतं. किंवा मीच तुला हिराताई म्हणायला हवं होतं. ते तर माझ्याच हातात होतं.

आता त्या भांडणाकडे येते.

तुझ्या अंगणाला लागून पार्वतीबाईंचं अंगण, मध्ये एक कुंपण. पार्वतीबाई तुझी थोरली जाऊ. एकाच घरात तुम्ही दोघी सुना म्हणून आलात, एकाच सासूच्या हाताखाली शेत केलंत. चौदा वर्षांपूर्वी तुझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तू त्यांना दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलीस. स्वतः हळद-कुंकू घेऊन गेली नाहीस. घाईत राहून गेलं, असं तू म्हणायचीस. मान दिला नाही, असं त्या म्हणायच्या. त्या लग्नाला आल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. पुढे त्यांचे यजमान गेले, मुलगा उरणला गाड्यांच्या धंद्यात पडला, रविवारी येऊन जातो. बाकीचे सहा दिवस पार्वतीबाई मागच्या दारी सूप घेऊन एकट्या बसलेल्या असतात. माझ्या ओटीकडे जायची तुझी वाट त्यांच्या दारावरून जायची. रोज तू तिथून जायचीस, वाटेतल्या दोन म्हाताऱ्यांना हाका मारून बरोबर घ्यायचीस आणि त्या दारापाशी तुझी मान दुसरीकडे वळायची.

गेल्या महिन्यात मी ते बोलले. सगळ्यांसमोर बोलले, ही माझी चूक. एका आजोबांना यायचा कंटाळा आला होता आणि तू त्यांना आणायला निघाली होतीस. मी म्हटलं, ज्याला यायचं तो येईल, तू किती जणांना ओढून आणणार? तू तुझं नेहमीचं सांगितलंस, की एकटं पडलेलं माणूस आपण होऊन कधी येत नाही, त्याच्याकडे जावंच लागतं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कुंपणापलीकडे का जात नाहीस? ती बाई माणसात मोडत नाही का?"

ओटीवर सगळे हात थांबले. तू माळेला गाठ मारलीस, ती खाली ठेवलीस आणि घरी गेलीस. दोन दिवस आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस, नेहमीच्या जागी बसलीस, कांदे पुढे ओढलेस. मी चहा दिला, तू घेतलास. तो विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. मला वाटलं, तुझा अभिमान दुखावलाय. मनातल्या मनात मी म्हणाले सुद्धा, गावाला शहाणपण शिकवते आणि स्वतःला एवढं जमत नाही. हिरा, मी असं म्हणाले.

त्यानंतर आठच दिवस. दुपारी तुझ्या छातीत दुखायला लागलं, तुझ्या सुनेनं मला बोलावलं, रिक्षा आली. रिक्षात चढताना तू चपला शोधत होतीस. मी म्हटलं, चपला राहू देत, तर म्हणालीस, अनवाणी दवाखान्यात कशी जाऊ? सुनेनं त्या आणून पायात घातल्या, तेव्हा बसलीस. अलिबागला पोचेपर्यंत माझा हात तुझ्या हातात होता. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले.

पार्वतीबाई आल्या होत्या. रीत म्हणून आल्या, असं लोक म्हणाले. बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसल्या, रडल्या नाहीत, कुणाशी बोलल्या नाहीत. तुला नेलं, आणि त्या आपल्या दारातून आत गेल्या. त्यांना पाठमोरं बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आता माझं आहे.

मी गेले, हिरा. आणि माझ्या पद्धतीनं गेले, म्हणजे वाईट झालं. दारात उभी राहून मी सांगितलं की आम्ही रोज चार वाजता बसतो, तुम्हीही यावं, बरं वाटेल. शाळेची नोटीस वाचून दाखवावी तसं. त्या म्हणाल्या, "मना काय झालंय बरं वाटायला?" मी परत आले. दुसऱ्या वेळी जनार्दनभाऊंना घेऊन गेले. पार्वतीबाईंनी आम्हां दोघांना चहा दिला, उन्हाबद्दल बोलल्या, आंब्याबद्दल बोलल्या, आणि मी विषय काढायच्या आत कप उचलून आत गेल्या. वाटेत जनार्दनभाऊ म्हणाले, बाई, आपल्याला हिराबायसारखं खोटं बोलता येत नाही, हीच अडचण आहे.

काल तिसऱ्यांदा गेले, एकटीच. मागच्या दारी त्या वाल सोलत बसल्या होत्या. मी काही विचारलं नाही. समोर बसले, सुपातले मूठभर वाल पुढ्यात घेतले आणि सोलायला लागले. भिजवून मोड आणलेले वाल, साल सटकन निघते, पण नखं लागायला नकोत. मला ते तुझ्यामुळे येतं. अर्धं सूप सोलून झालं असेल.

"आलती ती," त्या म्हणाल्या.

कोण, हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

"हिरा. जायच्या आधी आठ-नऊ दिस. अशीच दुपार होती, मी हितंच बसलेली. त्या दारात येऊन उभी रायली. बोलली, वयनी, चल, बाईंच्या ओटीवर बसू. मी मान वर केली न्हाय." त्यांचे हात चालूच होते. "लय वेल उभी होती. मग गेली."

मी आणखी मूठभर वाल पुढ्यात ओढले.

"मना वाटलं, एकदा आली, आता परत येल. परत आली की बोलायचं, असं ठरवलेलं मी. चौदा वरसं थांबलेलो आमी. आठ दिसांत जाईल असं कोनाला वाटेल?"

म्हणजे त्या दोन दिवसांत तू रुसून घरी बसली नव्हतीस. तू तिथं गेली होतीस. उभी राहिली होतीस, हात हलवत परत आली होतीस आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून माझा चहा प्यालीस. एका वाक्यात तू मला गप्प करू शकली असतीस. केलं नाहीस, कारण ते वाक्य माझ्या ओटीवर बोललं गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, की हिरा गेली आणि पार्वतीनं तिला दारातून परत पाठवलं. आणि मग त्या बाईंना इथं यायचा रस्ता कायमचा बंद झाला असता. तुला रस्ता मोकळा ठेवायचा होता. त्यासाठी तू माझं बोलणं गिळलंस. मी तुझ्याबद्दल काय समजत होते, तेही गिळलंस.

मी चुकले, हिरा. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागेन. पण तुझं हे तिथं सांगणार नाही. पार्वतीबाईंना सांगायचं असेल तर त्या सांगतील.

मग पार्वतीबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं आणि विचारलं, "तुमाला काय बोलली ती माझ्याबद्दल?"

तू असतीस तर इथं छानसं काहीतरी रचून सांगितलं असतंस. मला खरं तेच सांगता आलं. "काही नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे आली होती, हेही मला आत्ता कळतंय."

"कोनालाच न्हाय सांगितलं?"

"कुणालाच नाही."

त्या उठल्या, सूप उचललं आणि आत गेल्या. दार लोटलं. मला वाटलं, झालं, ही तिसरी खेपही फुकट. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मी पदर झटकून उठतच होते, तेवढ्यात त्या बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं पातळ. डोळे लाल होते. घराला कडी घातली, दोनदा ओढून बघितली आणि मला म्हणाल्या, "कुठं बसता तुमी? चला."

ओटीवर सगळे जमले होते. तुझी जागा आम्ही इतके दिवस कुणी न ठरवता रिकामी सोडत होतो. तिथं त्या बसल्या नाहीत, कडेला खांबाजवळ बसल्या. जनार्दनभाऊंनी कांद्यांची टोपली त्यांच्याकडे सरकवली. कुणी काही विचारलं नाही. तुझ्या तालमीत तयार झालेली माणसं आहेत, त्यांना कळतं. मी पेपर वाचायला घेतला. दुसऱ्या बातमीला कुणीतरी मला अडवलं, तिसरीला वाद सुरू झाला, आणि रेवदंड्याला मासळीचा काय भाव चाललाय यावर पार्वतीबाई एकदम बोलल्या, की तुमी दोघंबी चुकताव. मग पाच मिनिटं त्याच बोलत होत्या. चौदा वर्षांचा आवाज साठलेला, जरा मोठाच निघाला.

सहा वाजता सगळे उठले. पार्वतीबाई सगळ्यांत शेवटी थांबल्या. पायऱ्या उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि तिथून मागे वळल्या.

"उद्या किती वाजता बसता?"

"चार वाजता," मी म्हटलं. आणि त्या वळायच्या आत पुढचंही बोलून टाकलं. तुझ्याजवळ इतक्या वर्षांत जे एकदाही बोलले नव्हते, ते. "पण तुम्ही तीनला आलात तरी चालेल, वहिनी. तोपर्यंत मी एकटीच असते, आणि मला एकटीला करमत नाही."